पंचनाम्यातली दिमडी

निंबा चांगला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. सुरतेच्या उधन्यात आमच्या खानदेशी वस्तीत कोणालाही विचारा, निंबाबद्दल वाकडं बोलणारा एक माणूस सापडणार नाही. मी वीस वर्षं शोधतोय. मीच एक आहे, आणि मीसुद्धा उघड बोलत नाही, पोटात ठेवतो.

तो पारोळ्याकडून सुरतेला आला तेव्हा त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती आणि खिशात आमच्या आण्णांच्या नावाची चिठ्ठी. आण्णा म्हणजे माझे वडील, लोटू वाघ्या. आण्णा लूमवर साडीचं कापड विणायचे आणि सुटीच्या दिवशी खंडोबाचं जागरण घालायचे. गावाकडचा कोणीही सुरतेला आला की पहिला मुक्काम आमच्याकडे, तसा निंबाही आला. दोन दिवस राहतो म्हणाला आणि दोन वर्षं राहिला. आण्णांनी त्याला लूमवर लावलं, मायने त्याला ताटावर बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून उतरली की पहिली त्याच्या ताटात पडायची. मी घरचाच म्हणून मला नंतरची.

आता दिमडीचं सांगतो. दिमडी म्हणजे वीतभर रुंदीचं लाकडी कडं, एका अंगाला कातडं ताणून बसवलेलं. डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. आण्णांची दिमडी घोरपडीच्या कातड्याची होती. बकरीचं कातडं सुरतेच्या खाऱ्या, ओलसर हवेत लगेच ढिलं पडतं. घोरपडीचं दम धरतं; थोडी आच दाखवली की खणखणीत बोलतं. ही आच दाखवण्याचं काम माझं. लूमचा कचरा पेटवून भागत नाही, सुरतेचं सूत पॉलिस्टरचं, ते वितळतं आणि घाण वास सोडतं. त्यासाठी गवरीच लागते, आणि पलीकडच्या तबेल्यातून गवरी आणायला मी जायचो. कातडं किती तापलं म्हणजे पुरे, हे हाताच्या मागच्या बाजूने ओळखायचं असतं. ते मला निंबा यायच्या आधीपासून येत होतं.

मला वाजवताही येत होतं. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. ताल चुकत नव्हता, हात जड नव्हता. पण मी वाजवलं की लोक ऐकायचे आणि निंबाने वाजवलं की लोक बोलायचे थांबायचे. या दोन गोष्टींत फरक असतो आणि तो कळण्याइतका मी शहाणा होतो, हेच माझं दुर्दैव. अडाणी असतो तर सुखी असतो.

चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरायचे. एक्याण्णव साली आण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता, आणि त्या दिवशी दुपारी तळी उचलून झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर दिमडी कपाळाला लावली. आता ती पुढच्या हातात जाणार हे सगळ्यांना कळलं. खोलीत तीसेक माणसं होती. मी आण्णांच्या उजव्या बाजूला बसलो होतो. मी हात पुढे केला. फार नाही, चार बोटं. पण ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं.

आण्णांनी दिमडी निंबाच्या हातात दिली. मला म्हणाले, "वाल्मिक, तुले ताल समजस. निंबाना हातमा देव बोलस."

मला त्यांनी तुणतुणं दिलं. तुणतुण्याला एकच तार असते. ते वाजवणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. जागरणात निंबा पुढे उभा आणि मी त्याच्या मागे डावीकडे, ही आमची जागा ठरली. गवरी आणायला मात्र मीच जात राहिलो. तापवायची मी आणि वाजवायची त्याने, असा व्यवहार पुढची पाच वर्षं चालला. तापवताना रोज मनात यायचं की जरा जास्त वेळ धरली तर तडकेल. एकदाही धरली नाही, पण मनात यायचं, हे लपवत नाही.

माझी बायको सुंदरा सरळ मनाची बाई आहे. एकदा जेवताना म्हणाली, "निंबाभाऊ वाजवतात ना, तेव्हा कसं डोळ्यांत पाणी येतं." मी विचारलं, "आणि तुणतुणं?" ती जरा विचार करून म्हणाली, "ते पण असतंच की मागे." मी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही. तिने विचारलंही नाही का, कारण तेवढ्यात निंबा डबा परत द्यायला आला.

प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत गावाला पळाली, त्यात आम्हीही होतो. गावी पोचल्यावर आठव्या दिवशी आण्णा गेले. प्लेगने नाही, वयाने. दहाव्याला मी डोकं भादरलं, मुलगा म्हणून. माझ्यानंतर निंबा न्हाव्यासमोर जाऊन बसला. त्याला कोणी विचारलं नाही की तू कोण. उलट बायका एकमेकींना म्हणाल्या, पोटचा नाही, पण पोटच्यासारखा. मी तिथेच उभा होतो, पोटचा. माझ्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही, कारण मी जे केलं ते करणं भागच होतं.

आता खरी हकीकत. शहाण्णव सालचा ऑक्टोबर. आमच्या वस्तीतल्या मराठी शाळेचे आनंदा गुरुजी सांगत आले, शाळेत वन्यजीव सप्ताहाचा कार्यक्रम आहे, वनखात्याचे मोठे साहेब येणार आहेत, तुमच्या मंडळींनी दोन पदं म्हणा. झाडं लावा, प्राणी वाचवा, असं काहीतरी त्यात बसवा. निंबाने दोन दिवसांत जागरणाच्या चालीवर पद बसवलं. वन्यजीव म्हणजे वाघ, सिंह, फार तर हरीण, एवढीच आमची समज. घोरपड आमच्याकडे शेताच्या बांधावर दिसते. बांधावरची घोरपडही त्यात धरतात, हे आमच्या कोणाच्याही ध्यानात आलं नाही. मी सकाळी गवरी आणली, दिमडीला आच दाखवली, आणि ती घेऊन आम्ही नीट त्या साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिलो.

शाळेच्या हॉलमध्ये पोरं कागदाचे मुखवटे लावून बसली होती. माझी हर्षदा मोर झाली होती. साहेब गामीत आडनावाचे, सोनगडकडचे, शांत माणूस. आम्ही चौघं होतो: पुढे निंबा, मागे तुणतुण्यावर मी, टाळ धरायला छगन आणि झील धरायला त्याचा भाऊ. पद सुरू झालं आणि नेहमीचं झालं. मुखवट्यांतली पोरंसुद्धा गप्प बसली. पद संपल्यावर गामीत साहेब स्वतः उठले, आनंदा गुरुजींच्या हातातला नारळ घेतला आणि निंबाला द्यायला पुढे आले. माइक तोंडाजवळ धरून त्यांनी हिंदीत विचारलं, ही कला कोणाकडून शिकलास?

निंबा म्हणाला, "लोटू आण्णांकडून. मी त्यांचाच पोऱ्या समजा."

मी तुणतुणं खाली ठेवलं. ते ठेवल्याचं मला आठवतंय, म्हणजे मी भानावर होतो. पुढे जाऊन मी माइक घेतला. साहेबांना समजावं म्हणून हिंदीत बोललो. म्हणालो, साहेब, लोटू वाघ्याचा मुलगा मी आहे, हा नाही. आणि ही दिमडी माझ्या बापाने स्वतःच्या हाताने केली आहे. बोरी नदीच्या काठाला त्याने घोरपड धरली, तिचं कातडं काढलं आणि या कड्यावर चढवलं. ही आमच्या घरची वस्तू आहे. घोरपडीला हिंदीत काय म्हणतात ते मला येईना, तेव्हा मी गुजरातीत 'घो' म्हणालो. ऐन वेळी शब्द सापडला म्हणून मला अभिमान वाटला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गामीत साहेबांनी वाजवल्या नाहीत. नारळ त्यांच्या हातातच राहिला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, दिमडी हातात घेतली, उलटीपालटी करून कातडं बोटाने चाचपलं, आणि आनंदा गुरुजींना म्हणाले, आपण जरा ऑफिसात बसू.

ऑफिसात त्यांनी आवाज चढवला नाही. घोरपड कायद्यात पहिल्या यादीत आहे, म्हणाले, वाघाच्या शेजारी. तिचं कातडं बाळगणं गुन्हा आहे. सहा वर्षांपर्यंत कैद होते. मी म्हणालो, साहेब, कातडं माझ्या जन्माआधीचं आहे. ते म्हणाले, जुनं असो की नवं, मालकीचं सर्टिफिकेट आहे का? देवाच्या दिमडीला सर्टिफिकेट कुठलं असणार? साहेबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांनाही हे नको होतं. पण दोनशे पोरांसमोर, त्यांच्याच सप्ताहात, माइकवरून सांगितलेली गोष्ट ते न ऐकल्यासारखी कशी करणार?

त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आ वस्तु कोनी छे?"

मी म्हणालो, वडिलांची होती, ते वारले.

"मरेला माणसनी वात नथी करतो," साहेब म्हणाले. "आजे कोनी छे?"

आता सगळं स्पष्ट होतं. जो माझी म्हणेल तो आत जाणार. छगन दाराकडे पाहत होता. आनंदा गुरुजी जमिनीकडे पाहत होते. आणि निंबा, त्याला जणू कोणी नाव-गाव विचारलं असावं अशा सुरात, म्हणाला, "मनी शे साहेब. आण्णासनी माले दिनी."

मी तोंड मिटून बसलो असतो तर काय झालं असतं, याचा हिशोब मी नंतर पुष्कळ वेळा मांडला. दिमडी गेली असती, निंबा गेला असता, आणि माझ्या डोळ्यांत खुपणाऱ्या दोन्ही गोष्टी एका दुपारी निघून गेल्या असत्या. दैवाने ताट वाढून पुढे ठेवलं होतं. पण तो 'मनी' म्हणाला, आणि साहेबाने पेन उचललं, ते माझ्याने पाहवलं नाही. सरकारी कागदावर, शिक्क्याखाली, आण्णांची दिमडी निंबाची म्हणून लिहिली जाणार होती, कायमची. मी म्हणालो, "खोटं बोलतोय तो. दिमडी माझी आहे. मुलगा मी आहे."

गामीत साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. म्हणाले, माझ्या नोकरीत आजवर सगळे 'माझं नाही, माझं नाही' म्हणत आले. माझं आहे म्हणून भांडणारे पहिल्यांदाच पाहतोय. मग त्यांनी विचार केला आणि माझं नाव लिहिलं. भर हॉलमध्ये मीच बोललो होतो. निंबा पुन्हा काहीतरी म्हणायला लागला तेव्हा त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं.

पंचनामा गुजरातीत होता. इतक्या वर्षांत गुजराती वाचता यायला लागलं होतं. सही करण्याआधी मी वाचलं: 'वाल्मिक लोटूनी मालिकीनी'. दोनदा वाचलं. खरं सांगतो, बरं वाटलं. जगात तो एकच कागद आहे ज्याच्यावर ती दिमडी माझी आहे.

दिमडी पांढऱ्या कापडात शिवली आणि लाखेचं सील लावलं. वनखात्याचा गार्ड ती घेऊन निघाला तेव्हा बाहेर बसलेला निंबा उठून त्याच्यामागे गेला आणि म्हणाला, कोरड्या जागी ठेवा हां, ओल लागली तर कातडं जाईल. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं त्याला.

मी दोन दिवस कोठडीत होतो, मग जामीन झाला. रिक्षातून उतरलो तर गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. मला वाटलं कोणी गेलं. माझ्यासाठीच उभी होती. छगनने सगळीकडे सांगितलं होतं की निंबावर बालंट येत होतं, वाल्मिकने मध्ये पडून ते स्वतःच्या अंगावर घेतलं. बायकांनी भाकरतुकडा ओवाळला. सुंदराने त्या दिवशी शेवभाजी केली आणि मी जेवत असताना समोर बसून राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, ती माझ्यासमोर अशी कधी बसली नव्हती. म्हणाली, "मी तुम्हाला ओळखलंच नाही."

गप्प राहणं हे खोटं बोलण्यात मोडतं का, मला माहीत नाही. मी गप्प राहिलो आणि पुन्हा भाजी घेतली.

संध्याकाळी निंबा आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "भाऊ, तू मन्याकरता..." मी म्हणालो, बस, चहा घे. त्याला वाईट वाटत होतं, आणि मला त्याला वाईट वाटताना पाहायला आवडत होतं. पण ते सुखही फार टिकलं नाही. आठ दिवसांत वस्तीत बोलणं फिरलं. पाण्याच्या नळावर एक बाई दुसरीला सांगत होती, निंबा किती मोलाचा असेल बघ, त्याच्यासाठी वाल्मिक तुरुंगात जाऊन आला. म्हणजे तुरुंगात मी गेलो आणि मोल निंबाचं वाढलं. मी बादली अर्धीच भरून घरी आलो.

खटला अडीच वर्षं चालला. तारीख पडली की मी अठवालाइन्सच्या कोर्टात जायचो आणि प्रत्येक तारखेला निंबा पाळी बुडवून माझ्याबरोबर यायचा. मी नको म्हणालो तरी यायचा. बाकावर माझ्या शेजारी बसायचा, डबा उघडायचा आणि निम्म्याहून जास्त माझ्याकडे सरकवायचा. त्याच्या चांगुलपणाचा मला इतका जाच झाला आहे की सांगता सोय नाही. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं, त्याला शिव्या तरी देता येतात.

मधल्या काळात मंडळींनी बकरीच्या कातड्याची नवी दिमडी आणली. माझ्या मनात एक आशा होती, ती सांगून टाकतो. मला वाटत होतं की देव त्या घोरपडीच्या कातड्यात होता, निंबाच्या हातात नव्हता. दिमडी गेली की त्याचं वाजवणंही जाईल. पहिलं जागरण सुरतेतच, पर्वत पाटिया भागात एका घरी झालं. मी तुणतुणं घेऊन मागे उभा राहिलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. आवाज जरा बसका होता. चार कवनं झाली आणि लोक बोलायचे थांबले. पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की आण्णा बरोबर होते, आणि हे कळून माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

नव्याण्णव सालच्या मार्चमध्ये माझा जबाब व्हायचा होता. आमचे वकील भूपेंद्रभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, केस आपल्या बाजूने आहे. उलटतपासणीत गामीत साहेबांनी खरं ते सांगितलं की दुसराही माणूस 'माझी' म्हणत होता. म्हणजे मालक कोण हेच पक्कं नाही. तुम्ही फक्त जज साहेबांना सांगा की दिमडी माझी नाही, वडिलांची होती, त्या दिवशी रागाच्या भरात बोललो. मेलेल्या माणसावर केस होत नाही.

"म्हणजे माझी नाही म्हणू?" मी विचारलं.

"सुटायचं असेल तर म्हणा," भूपेंद्रभाई म्हणाले. "आणि त्या निंबाभाईंना तोंड उघडू देऊ नका. ते खरं बोलायला उभे राहिले तर तुमच्या जागी ते जातील."

मी बाकावर येऊन बसलो. निंबाला वकिलाचं म्हणणं सांगितलं. त्याने मान हलवली. मग म्हणाला, दिमडी सरकारने ठेवली तरी मला त्याचं दुःख नाही भाऊ, मी पाटावरही वाजवीन. आण्णांनी तीस माणसांत ती माझ्या हातात ठेवली, तेवढं माझ्यापाशी आहे. मला ना माय ना बाप. तेवढंच आहे.

तो हे मला सांगत होता, मला. मी ऐकून घेतलं. माझ्यापाशी काय आहे हे त्याने विचारलं नाही.

नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात उभा राहिलो. समोर बाकावर सुंदरा बसली होती, तिच्या शेजारी निंबा. टेबलावर पांढऱ्या कापडातली दिमडी होती, सील फोडलेलं. कातडं पार सैल पडलं होतं, मध्ये खोलगट झालं होतं. जज साहेबांनी विचारलं, ही वस्तू तुमची आहे?

मी म्हणालो, "नाही साहेब."

एवढे दोनच शब्द. सबंध कोर्टात कोणाला त्यात काही वाटलं नसेल. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा जड काही उचललेलं नाही. जज साहेबांनी लिहून घेतलं. मी सांगितलं, वडिलांची होती, ते वारले.

भूपेंद्रभाई समाधानाने खाली बसायला लागले. एवढ्यात जज साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "वडिलांनी जाण्याआधी ती कोणाला दिली होती?"

भूपेंद्रभाई अर्धे बसलेले तसेच थांबले. हा प्रश्न त्यांनी मला शिकवला नव्हता. मी बाकाकडे पाहिलं. निंबा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर भीती नव्हती. तो वाट पाहत होता. त्याला वाटत होतं, आता मी त्याचं नाव घेणार आणि तो उभा राहणार. आणि खरं सांगतो, तो उभा राहिला असता, आनंदाने. भर कोर्टात, लोटू वाघ्याच्या सख्ख्या मुलाच्या तोंडून त्याला ऐकायला मिळालं असतं, की दिमडी निंबाला दिली होती. त्याबदली तो सहा वर्षं आत गेला असता.

मी म्हणालो, "कोणालाच नाही साहेब. माझ्या बापाने ती दिमडी कोणालाच दिली नाही."

सुंदराने डोळ्यांना पदर लावला. निंबाने मान खाली घातली. जज साहेबांनी लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. मालकी किंवा ताबा कोणाचाच सिद्ध होत नाही, म्हणून मला सोडलं. दिमडीला सोडलं नाही. मालकीचं सर्टिफिकेट नाही, तेव्हा ती सरकारजमा झाली, वनखात्याच्या ताब्यात. लोकांनी कोर्टाच्या आवारातच माझ्या गळ्यात हार घातला. छगन सगळ्यांना सांगत होता की वाल्मिकने निंबाला एकदा नाही, दोनदा वाचवलं.

निंबा गर्दीत नव्हता. तो पायऱ्यांच्या खाली कोपऱ्यात उभा होता. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आला. या पंधरा दिवसांत तो माझ्याशी धड बोलला नव्हता. हळूच म्हणाला, "भाऊ, तू ते माले वाचाडाकरता बोलना ना?"

मी "हो" म्हणालो.

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला काय दिसलं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. मग तो वाकला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. येणारेजाणारे थांबून पाहत होते. मी त्याला लगेच उठवलं नाही.